अनोळखी माणूस कुठपर्यंत आत येतो

‘विदर्भातली माणसे मोकळी’, ‘पुण्याची तुटक’, ‘कोकणातली आतल्या गाठीची’, ‘मुंबईत कुणाला कुणाकडे बघायला वेळ नाही’. अशी वाक्ये आपण सहज बोलून जातो. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्या स्वभावांची जी चित्रे रंगवली ती अजून लोकांच्या तोंडी आहेत, कारण ऐकणाऱ्याच्या मनात ती आधीच अर्धी काढलेली असतात. विनोदाला तेवढे पुरते. पण अशा वाक्यांवरून आपण पाहुणे निवडतो, जावई निवडतो, भाडेकरू निवडतो आणि नोकरीची बदली घ्यायची की नाही हेही ठरवतो. म्हणून त्यांची नीट तपासणी व्हायला हवी. ‘मोकळी’ म्हणजे नेमके काय करणारी माणसे? आणि कुणाशी?

अनोळखी माणसाशी ज्या वागण्याला आपण मोकळेपणा म्हणतो त्यात निदान तीन निराळ्या कृती मिसळलेल्या असतात. पहिली बोलण्याची. एसटीत शेजारी बसलेल्याला ‘कुठले तुम्ही?’ असे विचारणे, वाटेत भेटलेल्याला ‘राम राम’ घालणे. दुसरी मदतीची. पत्ता सांगणे, पडलेली वस्तू उचलून देणे, धावत्या गाडीत चढणाऱ्याला हात देणे, अपघातातल्या माणसाला दवाखान्यात नेणे. तिसरी आत घेण्याची. पाणी देणे, ओसरीवर बसवणे, ताटावर बसवणे, रात्रीला ठेवून घेणे, घर भाड्याने देणे. तिन्हींची किंमत सारखी नाही. बोलण्याला चार मिनिटे लागतात. मदतीला वेळ लागतो, कधी पैसा लागतो, कधी पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो. तिसऱ्या कृतीत तर माणूस आपले घर, घरातल्या बायकामुलांची सुरक्षितता आणि शेजाऱ्यांत असलेली पत एवढे सगळे पणाला लावतो. त्यामुळे एखाद्या प्रदेशात पहिली कृती भरपूर आणि तिसरी दुर्मीळ असणे, किंवा याच्या अगदी उलट असणे, हे मुळीच विचित्र नाही.

प्रदेशाप्रदेशांत जो फरक दिसतो तो आपुलकीच्या साठ्याचा फारसा नसतो, असे माझे म्हणणे आहे. या तिन्हींपैकी कोणती कृती त्या प्रदेशाने स्वस्त ठेवली आहे, कोणती महाग ठेवली आहे, आणि समोरच्याची कोणती ओळख पटल्यावर दार उघडते, यांत तो फरक असतो. आणि ही व्यवस्था स्वभावातून येत नाही. वस्तीची रचना, स्थलांतर, पाणी, बाजार आणि जात यांनी ती घडवलेली असते.

मोजून काय हाती लागते

मदतीची कृती रस्त्यावर मोजता येते, म्हणून तिच्यावर सर्वात जास्त काम झाले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली अमेरिकेतल्या ३६ शहरांची पाहणी प्रसिद्ध केली. नकळत पडलेले पेन कुणी उचलून देतो का, पायाला इजा झालेल्या माणसाच्या हातून मासिके पडली तर कुणी वाकतो का, रस्ता ओलांडू पाहणाऱ्या अंध व्यक्तीचा हात कुणी धरतो का, अशा साध्या कसोट्या होत्या. न्यूयॉर्क राज्यातलेच रोचेस्टर पहिले आले आणि न्यूयॉर्क शहर तळाला गेले. फरक समजावून सांगणारी सर्वात बळकट गोष्ट ठरली लोकसंख्येची घनता. माणसे जितकी दाटीने राहतात तितका मदतीचा हात आखडतो, असा त्या पाहणीचा रोख होता.

त्यानंतर त्यांनी जगातल्या २३ मोठ्या शहरांत तीच रीत वापरली. २००१ साली निकाल प्रसिद्ध झाले. ब्राझीलचे रिओ दी जानेरो पहिले आले. तिथे १०० पैकी सुमारे ९३ वेळा मदत मिळाली. शेवटच्या क्वालालंपूरमध्ये सुमारे ४० वेळा. आणि कोलकाता चौथे आले, व्हिएन्ना आणि कोपनहेगन यांच्या वर. जगातल्या अत्यंत दाट वस्तीच्या शहरांपैकी एक शहर या यादीत इतके वर असावे, ही बाब घनतेच्या एकट्या कारणाला पुरती हलवून टाकते. देशोदेशींच्या तुलनेत लेव्हाइन यांना उपयोगी पडलेले कारण वेगळेच होते. ज्या देशांत लोकांची क्रयशक्ती जास्त, तिथे रस्त्यावरची मदत कमी. लॅटिन अमेरिकी शहरे यादीत वरच्या बाजूला एकवटलेली दिसली, कारण हसतमुख आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे असणे हे तिथे चारित्र्याचे लक्षण मानले जाते.

मदतीचीच दुसरी कसोटी घेतली की क्रम बदलतो. २०१९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक ‘हरवलेली’ पाकिटे बँका, हॉटेले, टपाल कचेऱ्या, पोलिस ठाणी अशा ठिकाणच्या खिडकीवर दिली गेली. कोण मालकाला कळवतो ते पाहिले. इथे स्वित्झर्लंड आणि उत्तर युरोपातले देश वर आले. पाकिटात पैसे नव्हते तेव्हा सरासरी ४० टक्के लोकांनी कळवले आणि पैसे होते तेव्हा ५१ टक्के. रस्त्यावर अंध व्यक्तीचा हात धरणे ही समोरासमोरची कृती आहे. पाकीट परत करणे ही कधीच न दिसणाऱ्या माणसासाठी एकट्याने केलेली कृती आहे. दोन्ही अनोळखी माणसासाठीच, पण दोन्हींमागची सामाजिक यंत्रणा वेगळी. एका देशाने पहिली कमावलेली असते, दुसऱ्याने दुसरी. ‘कोण जास्त चांगले’ या प्रश्नाला या दोन याद्या मिळून एक उत्तर देत नाहीत. प्रश्नच चुकीचा मांडला आहे, एवढे मात्र दाखवतात.

ओटी, माजघर, देवघर

तिसऱ्या कृतीबद्दल विचार करायला सर्वात उपयोगी मांडणी केली ती कुर्ट लेविन यांनी. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले हे मानसशास्त्रज्ञ. दोन्ही समाज आतून पाहिल्यावर १९३६ साली त्यांनी लिहिले की माणसाच्या व्यक्तित्वाला बाहेरून आतपर्यंत थर असतात आणि दोन समाजांत फरक असतो तो कुंपण कुठल्या थरावर घातले आहे याचा. अमेरिकन माणूस बाहेरचे बरेच थर अनोळखी माणसाला खुले ठेवतो, पण गाभ्याशी भिंत उभी असते. जर्मन माणसाचे कुंपण पहिल्याच थरावर असते. ते एकदा ओलांडले की तो माणूस आतपर्यंत येऊ देतो. म्हणून नव्याने आलेल्या जर्मनाला अमेरिकन अतिशय प्रेमळ वाटतात आणि काही काळाने तेच लोक उथळ वाटू लागतात.

आपल्याकडे हे थर बांधून ठेवलेले आहेत. अंगण, पडवी किंवा ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. जुन्या मराठी घरात कोण कुठपर्यंत येणार हे जोत्याच्या पायऱ्यांनीच ठरवलेले होते. फेरीवाला अंगणात, गावकीच्या कामाचा माणूस ओसरीवर, सोयरा माजघरात. चुलीपाशी फक्त घरचे आणि तेही सोवळ्याच्या नियमाने. अनोळखी माणसाशी असलेले वागणे प्रदेशाप्रदेशांत कसे बदलते हे तपासायचे तर वाडे आणि घरे पाहणे हा माझ्या मते प्रश्नावलीपेक्षा खात्रीचा मार्ग आहे. प्रश्नावलीत माणूस आपल्याला कसे असायला आवडेल ते सांगतो. भिंत मात्र कुणाला अडवायचे ठरले होते तेच सांगते.

देश आणि कोकण यांची तुलना इथे फार बोलकी ठरते. देशावरचे जुने गाव एकवट असते. घराला घर लागून, भोवती गावकूस, आत शिरायला वेस. वेशीशी मारुती, जवळ चावडी, पार. शेते सगळी गावाबाहेर. पाणी थोडे, विहिरी मोजक्या, लुटारूंची भीती वर्षानुवर्षांची. अशा गावात अनोळखी माणूस एखाद्या घराशी पोचण्याआधी गावाशी पोचतो. त्याची चौकशी पारावर होते आणि ती अवघे गाव मिळून करते. ‘राम राम पावणं, कंच्या गावचं? कुणाकडं निघालात?’ हा प्रश्न आगाऊपणाचा नव्हे, तो गावाचा पहारा आहे. उत्तर पटले की मग कुणीतरी त्या घरापर्यंत पोचवायला सोबत निघतो, वाटेत दुसरा कुणी पाण्याचा तांब्या पुढे करतो. गावाने एकदा हमी घेतली की प्रत्येक घराला वेगळी भीती उरत नाही.

कोकणात गावकूसच नाही. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, प्रत्येक घर आपापल्या आगरात, भोवती जांभ्याचा गडगा, शिरायच्या जागी आडव्या बांबूंचे बेडे. घराघरांत अंतर, मध्ये झाडी, चार महिने धो धो पाऊस. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या वस्त्यांच्या या दोन रचनांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते, आणि अनोळखी माणसाच्या प्रश्नाला तो फरक नेमका लागू पडतो. इथे येणारा माणूस गावाशी पोचत नाही, थेट एका घराशी पोचतो. पारावरची चौकशी झालेली नसते. पहारा त्या एकट्या घरालाच करावा लागतो. म्हणून येणारा बेड्यापाशी थांबून ‘कोण आसा रे घरात?’ अशी हाक देतो, आणि आतून माणूस लगेच बाहेर न येता आधी आवाजाचा अंदाज घेतो.

त्यात भर पडली स्थलांतराची. एकोणिसाव्या शतकापासून रत्नागिरीचा पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, घरगड्याच्या कामात गेला आणि गावाकडे मनिऑर्डर पाठवू लागला. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे हजारांहून जास्त स्त्रिया असलेले जिल्हे दोनच होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीत हे प्रमाण ११२२. घरात म्हातारी माणसे, बायका आणि मुले, कर्ता पुरुष आठ-दहा तासांच्या प्रवासापलीकडे. अशा घराने अनोळखी पुरुषाला अंगणातच उभे ठेवून बोलणे यात कसला आला आतल्या गाठीचा स्वभाव? कोकणी माणसावर हा शिक्का मारणाऱ्यांनी त्या घरात राहणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. आणि तिथेही ओळखीचा एक धागा सापडला, मुंबईच्या चाळीतला शेजार, गिरणीतली सोबत, देवीच्या जत्रेतली भेट, की कोकणी घर ज्या झपाट्याने आत घेते तो अनुभव अनेकांनी घेतला असेल. सोलकढी वाढताना मग वेळकाळ बघितला जात नाही.

हे सगळे पावसाने आणि डोंगराने ठरते असे म्हणावे तर जरा दक्षिणेला गोव्यात दिसते ते वेगळे. तिथेही पाऊस तितकाच आणि घरे तशीच विखुरलेली. पण गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांना दर्शनी बाजूला बाल्कांव असते, दोन्ही बाजूंना बसायच्या बाकांसह आणि तोंड रस्त्याकडे. संध्याकाळी घरची माणसे तिथे बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलतात. आत जायचे दार वेगळे, ते बंदही असू शकते. तिथे बोलण्याच्या कृतीसाठी घरालाच एक स्वतंत्र जागा काढून दिली आहे. भूगोल पाया घालतो, पण वर काय बांधायचे हे समाज ठरवतो.

नागपूर, पुणे, मुंबई

विदर्भाच्या मोकळेपणाची कीर्ती मुख्यतः पहिल्या कृतीवर उभी आहे, आणि ती खोटी नाही. ‘कुठं चालले जी?’ असे विचारून जो गप्पांना सुरुवात करतो त्याला तुमची वंशावळ नको असते, त्याला सोबत हवी असते. हे कशामुळे? नागपूर मराठी मुलखाच्या कडेला वसलेले शहर. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली तेव्हापासून १९५६पर्यंत ते हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या प्रांताची राजधानी होते. मुंबईकडची रेल्वे आली, १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. छत्तीसगडी मजूर, तेलुगू आणि हिंदी बोलणारे कारकून, मारवाडी व्यापारी, कोष्टी आणि कापूस विकायला आलेला वऱ्हाडी शेतकरी एकाच बाजारात उभे राहिले. एकमेकांचे संकेत माहीत नसलेली माणसे रोज एकत्र येतात तेव्हा मनातले चेहऱ्यावर आणि तोंडावर आणावेच लागते, नाहीतर व्यवहारच होत नाही. २०१५ साली ३२ देशांच्या तुलनेवर आधारलेल्या एका अभ्यासात असे दिसले की गेल्या ५०० वर्षांत ज्या देशांत अनेक ठिकाणांहून लोक येऊन मिसळले, तिथे भावना उघडपणे दाखवणे लोकांना योग्य वाटते. तो अभ्यास देशांचा आहे. तरी नागपूरला लावून पाहिला तर तो मला नीट बसताना दिसतो.

पुण्याचे उलट आहे. इथे पहिली कृती महाग आहे. पुणेरी पाट्यांचा गाजावाजा बराच झाला आहे, तो सोडून देऊ. पण याच शहरात शंभर वर्षांपूर्वी तिसरी कृती एखाद्या संस्थेसारखी चालत होती. खेड्यातून शिकायला आलेला गरीब मुलगा वारावर जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. कुणी माधुकरी मागायचा. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलेही माधुकरीवर शिकली. आठवड्याचा एक दिवस परक्या मुलाला आपल्या स्वयंपाकघराशेजारी पान मांडून जेवू घालणे, तेही वर्षानुवर्षे, हे रस्त्यावर दोन गोड शब्द बोलण्यापेक्षा कितीतरी मोठे काम होते. लेविन यांनी वर्णन केलेला जर्मन माणूस पुण्यात सहज ओळखू येईल. मात्र हेही तितकेच खरे की ते पान बहुतेक वेळा ब्राह्मण मुलासाठीच मांडलेले होते. कुंपण बोलण्यावर होते आणि त्याच्या आत आणखी एक, जातीचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली ती याचमुळे. घराघरांच्या दयेवर ज्याचा वार लागत नव्हता त्याच्यासाठी तेव्हा संस्था काढावी लागली.

मुंबईबद्दलचा गैरसमज सर्वात मोठा आहे. समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ साली आणि मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी १९७० साली महानगरातल्या माणसाबद्दल जे मांडले त्याचा गाभा असा: दिवसभरात हजारो अनोळखी चेहरे अंगावर येतात, प्रत्येकाची दखल घेणे मेंदूला शक्य नसते, म्हणून माणूस दखल घेणेच आवरते घेतो. तो तुसडा झालेला नसतो. त्याने आपले लक्ष राखून ठेवलेले असते. २०११च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला सुमारे २१ हजार माणसे राहत होती आणि गडचिरोलीत ७४. या दोन ठिकाणच्या माणसांनी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘राम राम’ घालावा अशी सारखी अपेक्षा करणेच अन्यायाचे. लोकलमध्ये अनोळखी माणसाला विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न ‘कुठे उतरणार?’ हा आहे. देशावर विचारतात कुणाकडे निघालात, विदर्भात विचारतात कुठे चालले, आणि इथे विचारतात तुमची जागा कधी रिकामी होणार. पण त्याच डब्याच्या दारात, गाडी सुटल्यावर धावत येणाऱ्याला तीन-चार हात आत ओढून घेतात. त्याचे नाव, गाव, जात विचारायला त्यांना वेळ नसतो, आणि माझ्या मते हीच मुंबईची मोठी देणगी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रेल्वे बंद पडली आणि लाखो माणसे छातीभर पाण्यातून चालत निघाली. तेव्हा वस्त्यांतल्या आणि चाळींतल्या लोकांनी रस्त्यावर चहा-बिस्किटे वाटली, परक्यांना घरात झोपायला जागा दिली. ज्या शहरात पहिली कृती जवळपास नाहीशी झालेली आहे तिथे दुसरी आणि तिसरी एका रात्रीत उभी राहिली.

कोण आले आहे, यावर

आतापर्यंत मी अनोळखी माणूस म्हणजे कुणीही एक, असे धरून लिहिले. प्रत्यक्षात असा माणूस नसतो. दारात उभा असतो तो पुरुष किंवा स्त्री, अमुक रंगाचा, अमुक कपड्यांतला, अमुक आडनावाचा. मिलग्रॅम यांनी नोंदवलेल्या एका प्रयोगात अनोळखी माणसे घरांच्या दारावर जाऊन फोन वापरू देण्याची विनंती करत. मॅनहॅटनपेक्षा लहान गावांतली दारे पुष्कळच जास्त वेळा उघडली. पण शहरात काय नि गावात काय, स्त्रीसाठी दार उघडण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा बरेच जास्त होते. म्हणजे एकाच गावाच्या मोकळेपणाची दोन उत्तरे. एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला याची आणखी एक बाजू माहीत असते. जिथे पहिली कृती फार स्वस्त असते तिथे तिला विचारले जाणारे प्रश्न लवकरच चौकशीत आणि पाळतीत बदलतात, आणि ‘मोकळ्या’ गावापेक्षा तिला कुणी न बघणारी मुंबई जास्त आपली वाटू शकते.

आडनावाचे तर विचारूच नये. १९०१च्या सुमारास बाबासाहेब आंबेडकर लहान असताना भाऊ आणि भाच्यांसह वडिलांकडे जायला निघाले आणि सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कुणी आले नव्हते. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे सरकला. गाडीवाले मुलांना गाडीत घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एक जण तयार झाला, आणि सबंध रात्र मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला आहे. देशावरच्या पाहुणचाराच्या कोणत्याही वर्णनाशेजारी तो ठेवायलाच हवा. तो स्टेशनमास्तर पहिल्या क्षणी प्रेमळ होता आणि ते प्रेम खोटे नव्हते. ते एका गृहीतावर उभे होते, गृहीत गेले तसे तेही गेले. जपानी समाजशास्त्रज्ञ तोशिओ यामागिशी यांनी विश्वास आणि हमी यांत जो भेद केला तो इथे अचूक लागू होतो. बंदिस्त समाजात माणसे एकमेकांशी नीट वागतात ती हमीमुळे, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात आणि चुकलेल्याला सुटका नसते. ज्याच्याबद्दल हमी नाही त्याच्यावर विश्वास ठेवायची सवय अशा समाजाला कमी असते. ‘कुणाकडं निघालात?’ या देशावरच्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ नव्हते, किंवा जे होते ते गावकुसाबाहेरचे होते, त्याला पाणीही मिळत नव्हते.

पाणी ही म्हणूनच या सगळ्या विषयातली सर्वात कडक कसोटी आहे. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला रांजण भरून ठेवणारी पाणपोई ही मराठी मुलखातली अनोळखी माणसासाठी केलेली फार जुनी सोय. तिथेही कुणाच्या ओंजळीत वरून ओतायचे हे ठरलेले असे. जोतिराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब हजारो लोकांसह पाणी प्यायले. या दोन घटना आपण हक्कांच्या इतिहासात वाचतो. त्या पाहुणचाराच्या इतिहासातही आहेत.

ओळख न विचारता आत घेण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे दरवर्षी होतो तो वारीत. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत वाटेतली गावे लाखो परक्या माणसांना जेवू घालतात, अंगणात झोपवतात, पायांना तेल लावतात. प्रत्येकाला हाक एकच, ‘माउली’. ही हाक पारावरच्या चौकशीची जागा घेते: गाव, आडनाव, कुणाकडे निघालात, सगळ्याचे उत्तर गळ्यातल्या तुळशीच्या माळेने आधीच दिलेले असते. आपुलकी अशी ठरावीक काळापुरती, ठरावीक वाटेवर, संस्था म्हणून उभी करता येते याचा हा भक्कम पुरावा आहे. आणि संस्थेलाही कुंपण असते याचाही पुरावा तिथेच आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्याची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये उपोषणाला बसावे लागले.

आता काय बदलते आहे

पैशाने आपुलकी मारली, ही तक्रार सार्वत्रिक आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली १५ लहान समाजांतला, शिकारी, पशुपालक, शेतकरी अशा लोकांतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाला आपल्या वाट्यातला किती भाग देता, हे एका खेळातून पाहिले होते. ज्या समाजांचा बाजाराशी जास्त संबंध होता तिथे परक्याला दिला जाणारा वाटा साधारणपणे मोठा होता. बाजार माणसाला एक गोष्ट शिकवतो: नात्यात नसलेल्याशीही नीट वागले तर दोघांचेही भले होते. कोकणात आज घराघरांवर ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी आहे. बेड्याबाहेर उभा राहणारा परका माणूस आता पैसे देऊन पडवीत येतो, माशाचे कालवण जेवतो, आणि घरातली बाई त्याच्याशी यजमानीण म्हणून बोलते. ती माया नव्हे असे कुणी म्हणेल. पण ज्या घरात कर्ता पुरुष नाही म्हणून अंगणात उभे राहून बोलणे भाग होते, तिथे दार उघडण्याची अट आता त्या बाईच्या हाती आली आहे, आणि तिने ती स्वतः ठरवली आहे.

बिघडते आहे ते वेगळ्या ठिकाणी. मुंबई-पुण्यात घर भाड्याने घ्यायला गेलेल्या मुसलमान, दलित किंवा एकट्या मुलीला दलाल जे प्रश्न विचारतो ते पारावरच्या प्रश्नांपेक्षा वेगळे नाहीत. गाव, आडनाव, खाणे, घरी कोण येणार. फरक इतकाच की पारावर उत्तर पटले नाही तर दुसऱ्या गावाला जाता येत होते, आणि इथे इमारतीमागून इमारत तेच विचारते. लोकलच्या दारात ज्याला हात देऊन आत ओढले त्यालाच संध्याकाळी गृहनिर्माण संस्थेच्या दारातून परत पाठवणारे शहर एकच आहे. म्हणून माझ्या मते एखाद्या प्रदेशाची आपुलकी मोजायची तर ती एसटीतल्या गप्पांवरून मोजू नये. ज्याचे आडनाव आपल्याला अडते त्याला घर मिळायला किती दारे पालथी घालावी लागतात, ते मोजावे. या कसोटीवर आज नागपूर मोकळे नाही, पुणे मोकळे नाही आणि मुंबई तर नाहीच. ज्या वाचकांकडे भाड्याने द्यायचे घर आहे त्यांना माझी विनंती आहे: भाडे आणि अनामत रक्कम विचारा, कराराची मुदत विचारा, पण आडनाव विचारू नका.